बुजलेल्या खंदकांचा माग

1940 च्या जूनमध्ये डंकर्कहून ब्रिटिश फौज कशीबशी परतली आणि इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर खोदकामाची एकच धांदल उडाली. सफोकची सपाट किनारपट्टी शत्रूला उतरायला सोयीची. तिथे काटेरी तारा, सुरुंग आणि काँक्रीटचे ठोकळे आले. त्यामागे रणगाडे अडवणारे रुंद खंदक, सैनिकांसाठी नागमोडी चर. ग्लायडर उतरू नयेत म्हणून मोकळ्या दलदलीच्या माळांवरही चर खणले गेले. याच किनाऱ्यावरच्या मिन्समियरची सखल कुरणे तर मुद्दाम पाण्याखाली सोडली.

आक्रमण झालेच नाही. युद्ध संपल्यावर सुरुंग काढले गेले, तारा गुंडाळल्या गेल्या, खंदक बुजवून शेतांवर पुन्हा नांगर फिरला. 1953 च्या जानेवारीअखेर उत्तर समुद्राचे पाणी आत घुसले, त्यानंतर समुद्री बांध उंचावले गेले आणि उरलेसुरलेही झाकले गेले. काँक्रीट फोडायला खर्च येतो, म्हणून ते बरेचसे टिकले. मातीचे काम मातीतच मिसळले.

पण या सगळ्याचे फोटो निघत होते. ब्रिटिश हवाई दल आपल्याच किनाऱ्यावरून उडत होते. जर्मन विमानेही हाच किनारा टिपत होती. ते जर्मन फोटो युद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या हाती लागले आणि आज अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. 1946 नंतर हवाई दलाने नव्या नकाशांसाठी देशभर सरळ खाली रोखलेल्या कॅमेऱ्याने फोटो काढले, तेव्हा अनेक खंदक नुकतेच बुजवलेले किंवा अर्धवट उघडे होते.

हे फोटो वाचणारी नजरही तयार होती. पहिल्या महायुद्धात विमानातून टेहळणी केलेल्या ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी अलेक्झांडर कीलर यांच्यासोबत 1928 मध्ये 'वेसेक्स फ्रॉम द एअर' प्रसिद्ध करून हवाई पुरातत्त्वाचा पाया घातला. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलाने फोटो वाचायला पुरातत्त्वज्ञच हाताशी धरले. ग्लिन डॅनियल आणि स्टुअर्ट पिगॉट हे दोघे त्या कामासाठी भारतातही होते. पिगॉट यांचे प्राचीन भारतावरचे पुस्तक त्याच मुक्कामाचे फळ. शत्रूचे खंदक ओळखायला सरावलेली ही पिढी युद्धानंतर पुन्हा हजारो वर्षांपूर्वीच्या थडग्यांकडे वळली. काल-परवा खणलेला चर हा इतिहास आहे, असे जवळपास पन्नास वर्षे फारसे कुणाला वाटले नाही.

ते वाटू लागले 1990 नंतर. 1995 ते 2002 या काळात स्वयंसेवकांनी ब्रिटनभर पायपीट करून सुमारे 20,000 संरक्षण-स्थळांची नोंद केली. पायी फिरणाऱ्याला दिसते ते मुख्यतः उभे असलेले काँक्रीट. मातीकामासाठी जुन्या फोटोंनाच शरण जावे लागले. सफोकच्या किनाऱ्याचे असे नकाशीकरण झाले आणि 2007 मध्ये केन हेगार्टी व सारा न्यूसम यांचे 'सफोक्स डिफेंडेड शोअर' हे पुस्तक आले.

फोटो वाचण्याचे हे काम डोळ्यांचा अंत पाहणारे. 1:10,000 प्रमाणाच्या फोटोत पाच मीटर रुंदीचा खंदक भरतो अर्धा मिलिमीटर. एकावर एक सरकत घेतलेले दोन फोटो स्टेरिओस्कोपखाली ठेवले की जमिनीला उंची-खोली येते. फोटो असा फिरवून धरायचा की सावल्या आपल्याकडे पडाव्यात. उलटा धरला तर खड्डा टेकाडासारखा भासतो. ताज्या उपशाची वाळू पांढरी चमकते. शेतातून निघून मध्येच संपणारी पायवाट दिसली, तर तिच्या टोकाला झाकलेले ठाणे असण्याची शक्यता मोठी. छप्पर रंगवून लपवता येते, रोज ये-जा करणाऱ्यांच्या बुटांची वाट लपवणे कठीण. चकवेही असतात. सर्चलाइटभोवतीचा गोल चर पुढे पिकाच्या रंगातून उमटतो, तेव्हा तो कांस्ययुगीन थडग्यासारखा दिसतो. 1946 च्या फोटोत तिथे सैन्याच्या झोपड्या आणि गाडीवाट आढळली की शंका फिटते.

लष्करी आराखड्यात काय ठरले ते कळते. खरोखर काय खणले, कुठे अर्धवट सोडले आणि कधी बुजवले, हे वेगवेगळ्या वर्षांचे फोटो शेजारी ठेवल्यावर कळते. काही खुणा तर जमिनीवर भलत्याच रूपात उरल्या. मिन्समियरच्या बुडवलेल्या कुरणांत 1947 मध्ये अव्होसेट, म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडेही येणारा उचाट्या, घरटी करू लागला. शतकभर ब्रिटनमधून जवळजवळ नाहीशी झालेली ही वीण तिथे परतली आणि आज ते नावाजलेले पक्षी-अभयारण्य आहे. तिथल्या पाण्याचा उगम लष्करी आदेशात आहे.

सफोकचा किनारा दरवर्षी समुद्र कुरतडतो आहे. कुठे बांध घालायचा आणि कुठे समुद्राला वाट द्यायची, हे ठरवताना त्या जागी काय होते याची नोंद हाताशी लागते. आता जुन्या फोटोंवरून केलेले हे नकाशे त्या कामीही येतात. काही ठिकाणी तर खंदक खणलेली जमीनच समुद्रात गेली आहे. तिथे उत्खननाचा पर्यायच उरलेला नाही, पुरावा आहे तो फक्त फोटोत.