पिकअप गाडीस अधिक जोराचा क्लच केव्हा घ्यावा?

खेड, मावळ, आंबेगाव व जुन्नर या तालुक्यांतील तरकारी, कांदा, बटाटा आणि टोमॅटो हा माल हल्ली मोठ्या प्रमाणावर पिकअप गाड्यांतूनच बाजारास जातो. चाकणचा महात्मा फुले बाजार, मोशीचा उपबाजार, पिंपरीची मंडई आणि पुण्याचे गुलटेकडी मार्केट यार्ड ही या मालाची नेहमीची ठिकाणे होत. ज्या पट्ट्यातून हा माल जातो त्याच पट्ट्यात मोटारगाड्याही तयार होतात. टाटांचा पिंपरीचा कारखाना जुना आहे, तर चाकण येथे महिंद्र कंपनीचा कारखाना २०१० साली सुरू झाला. कारखानदारीमुळे शेतकऱ्यास गिऱ्हाईक जवळ आले हे खरे, परंतु त्याच कारखान्यांच्या मालमोटारींनी रस्तेही भरून गेले. चाकणच्या तळेगाव चौकात किंवा भोसरीजवळ नाशिक फाट्यावर भरलेली गाडी घेऊन ज्याने तासभर काढला आहे, त्यास क्लच म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको.

अशा गाडीचा क्लच वरचेवर जळू लागला की, “कंपनीचा क्लच हलका आहे, हेवी बसवून घ्या,” असा सल्ला बहुधा मिळतो. सल्ला देणारा फिटर अप्रामाणिकच असतो असे नाही. कित्येक वेळा त्याचे म्हणणे बरोबरही ठरते. परंतु कारण न शोधता बसविलेला हेवी क्लचही त्याच कारणाने पुन्हा जळतो. रात्री भरलेले टोमॅटोचे क्रेट चढावर अडकून पडले व पहाटेचा लिलाव चुकला, तर होणारे नुकसान क्लचच्या किमतीपुरते राहत नाही. म्हणून पैसे घालण्यापूर्वी या भागाचे कार्य नीट समजून घेणे इष्ट होय.

क्लच जोर कसा पेलतो

इंजिनाच्या फ्लायव्हीलवर क्लच प्लेट असते. तिच्या दोन्ही बाजूंस घर्षणाचे लायनिंग असते. प्रेशर प्लेट आपल्या स्प्रिंगच्या दाबाने तिला फ्लायव्हीलवर आवळून धरते. पायाने पेडल दाबले म्हणजे हा दाब सुटतो आणि इंजिनाचा जोर गिअरबॉक्सकडे जाणे थांबते. क्लच किती जोर पेलेल हे तीन गोष्टींवर अवलंबून असते: लायनिंगची पकड, स्प्रिंगचा दाब आणि प्लेटचा आकार. यांचा हिशेब साधा आहे. समजा, लायनिंगचा घर्षणांक ०.३ आहे, दाब ६,००० न्यूटन, म्हणजे सुमारे ६०० किलो वजनाइतका आहे, आणि प्लेटची सरासरी त्रिज्या ९ सेंटिमीटर आहे. प्लेटला दोन बाजू असल्यामुळे ०.३ × ६,००० × ०.०९ × २ असा गुणाकार केल्यास ३२४ न्यूटन-मीटर इतका टॉर्क, म्हणजे फिरविण्याचा जोर, हा क्लच न घसरता पेलू शकतो.

आता इंजिनाकडे पाहू. मालवाहतुकीच्या सर्वसाधारण डिझेल पिकअपचा टॉर्क २०० ते २५० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. अशा इंजिनास ३२४ न्यूटन-मीटरचा क्लच पुरून उरतो. परंतु मोठ्या शक्तीच्या पिकअप निराळ्या. इसुझु डी-मॅक्स व्ही-क्रॉसच्या १.९ लिटर इंजिनाचा टॉर्क ३६० न्यूटन-मीटर आहे. तेथे वरील क्लच पहिल्याच चढावर घसरेल. कारखानदार हा हिशेब करून आणि वर काही शिल्लक ठेवूनच क्लच बसवितो. यास्तव गाडी मुळात जशी आली तशीच असेल आणि तिच्यावर नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या वजनापेक्षा अधिक भार घातला जात नसेल, तर मूळ प्रतीचाच क्लच पुरेसा असतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शिल्लक संपते कशी, हेही याच हिशेबात दिसते. लायनिंगवर तेल झिरपून घर्षणांक ०.३ वरून ०.१८ वर आला, तर तोच क्लच अवघा १९४ न्यूटन-मीटर पेलतो. मग सर्वसाधारण इंजिनालाही तो पुरत नाही. येथे दोष प्लेटचा नसून गळक्या ऑइल सीलचा आहे, आणि हेवी प्लेट आणली तरी तीही त्याच तेलात भिजणार.

उतरविलेली प्लेट काय सांगते

म्हणून गिअरबॉक्स उतरविला जाईल तेव्हा मालकाने स्वतः गॅरेजमध्ये हजर राहावे आणि जुनी प्लेट हातात घेऊन पाहावी. लायनिंग सर्वत्र सारखे झिजून रिव्हेटांपर्यंत आले असेल आणि गाडी पुष्कळ चाललेली असेल, तर प्लेटचे आयुष्य सरले एवढाच त्याचा अर्थ. तशीच नवी आणावी. प्लेट तेलकट असेल तर आधी इंजिनाच्या मागील बाजूचे व गिअरबॉक्सच्या शाफ्टचे सील बदलून घ्यावे. लायनिंग काळे पडून त्याचा जळका वास येत असेल आणि फ्लायव्हीलवर निळसर डाग किंवा केसासारख्या बारीक चिरा दिसत असतील, तर क्लच उष्णतेने गेला आहे. मधल्या स्प्रिंगा तुटलेल्या असतील तर चालक क्लच एकदम सोडतो किंवा गाडीस जोराचे हिसके बसतात असे समजावे.

कधी कधी प्लेट चांगली असूनही गाडी घसरते. केबलच्या क्लचमध्ये पेडलला मोकळी खेळ न राहिल्यास, अथवा तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचमध्ये खालचा सिलिंडर पूर्ण मागे न आल्यास, प्रेशर प्लेट सदोदित थोडी उचललेली राहते. या दोषाचा खर्च अल्प असतो आणि तो तपासावयास गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. हे आधी पाहण्याचा आग्रह धरावा.

क्लच घसरतो की नाही हे ओळखण्याची रीत अशी: मोकळ्या सपाट रस्त्यावर बेताच्या वेगाने वरच्या गिअरमध्ये चालत असता ॲक्सिलरेटर चांगला दाबावा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडीचा वेग मात्र त्या मानाने वाढला नाही, तर क्लच घसरत आहे.

खरा शत्रू उष्णता

आमच्या भागातील बहुतेक क्लच टॉर्क कमी पडून नव्हे, तर उष्णतेने जातात. भरलेली ३ टनांची गाडी जागेवरून हलवून ताशी १० किलोमीटर वेगास आणताना क्लचमध्ये सुमारे साडेअकरा हजार ज्यूल उष्णता निर्माण होते. फ्लायव्हील व प्रेशर प्लेट मिळून ८ किलो लोखंड धरले, तर प्रत्येक वेळी ते सुमारे ३ अंशांनी तापते. तळेगाव चौकाच्या रांगेत अशी गाडी चाळीस वेळा हलवावी लागली तर हा आकडा १२० अंशांवर जातो. काही उष्णता हवेत निघून जाते हे खरे, परंतु लायनिंगच्या पृष्ठभागाचे तपमान या सरासरीहून पुष्कळच अधिक असते. चढावर उष्णता आणखी वाढते. गाडीचे वजन ३ टनांऐवजी ४ टन झाले, की ती एकतृतीयांशाने वाढते. आणि पहिल्या गिअरचा कंटाळा करून दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलली, तर ती निदान तिप्पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जाते. ही शेवटची सवय सोडावयास एक पैसाही पडत नाही.

चढावर रांगेत उभे असता हाफ क्लचवर गाडी तोलून धरणे हेही असेच घातक आहे. त्या वेळी गाडी जागची हलत नाही, पण इंजिनाचा सगळा जोर लायनिंग जाळण्यात खर्च होतो. हँडब्रेक ओढून ठेवावा आणि पुढची गाडी चांगली सरकल्यावरच निघावे. हँडब्रेक भरल्या गाडीस धरत नसेल तर तो आधी दुरुस्त करावा. चढावर क्लच सुटून गाडी मागे गेली, तर मागील दुचाकीस्वाराचा जीव जाऊ शकतो.

पावसाळ्यात पाणंदीतील चिखलात चाक रुतले म्हणजे चालक तापतो व त्याच्याबरोबर क्लचही. मावळातील भातखाचरांच्या कडेने हा प्रकार नेहमी घडतो. दोन-तीन प्रयत्नांत गाडी निघाली नाही तर थांबावे, चाकाखाली दगड किंवा पोती घालावीत, अर्धा माल उतरवावा अथवा शेजारचा ट्रॅक्टर बोलवावा.

हेवी क्लच कोणता घ्यावा

इतके करूनही काही गाड्यांस अधिक जोराचा क्लच खरोखर लागतो. इंजिनच मोठ्या टॉर्कचे असणे आणि गाडी ट्रेलर ओढण्यासारख्या परवानगी असलेल्या जड कामास लावलेली असणे, ही त्याची रास्त कारणे होत. जोर वाढविण्याचे दोन मार्ग आहेत. आपल्या उदाहरणातील दाब ६,००० वरून ८,००० न्यूटन केला, तर क्षमता ४३२ न्यूटन-मीटर होते. दाब तोच ठेवून ०.४ घर्षणांकाची सिरॅमिक बटनांची प्लेट घातली, तरी उत्तर ४३२ च येते. परंतु गुणाकार सारखा आला म्हणून दोन्ही क्लच सारखे नव्हेत.

सिरॅमिक बटने अनेकांनी ट्रॅक्टरच्या क्लचमध्ये पाहिली असतील. ती उष्णता चांगली सोसतात, पण एकदम पकडतात. गाडी हिसका देऊन निघते, तो हिसका गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट व मागील एक्सलपर्यंत जातो आणि फ्लायव्हीलही लवकर घासते. शेतात दिवसभर एकाच गिअरमध्ये चालणाऱ्या यंत्रास हे चालते. दर पन्नास पावलांवर थांबून निघणाऱ्या बाजाराच्या गाडीस ते सोयीचे नाही. पिंपरी-चाकणच्या रस्त्यासाठी नेहमीच्या तंतुमय लायनिंगची प्लेट आणि अधिक दाबाची प्रेशर प्लेट हीच जोडी पसंत करावी. गाडीच्या घरात बसत असेल तर मोठ्या व्यासाची प्लेट याहूनही उत्तम, कारण तिच्यात क्षमता वाढते व उष्णता पसरावयास जागाही मिळते. मात्र त्यासाठी फ्लायव्हील बदलावे लागण्याचा संभव असतो. अधिक दाबाने पेडल जड होते, म्हणून रोज चार तास गाडी चालविणाऱ्याने खरेदीपूर्वी तसा क्लच बसविलेली एखादी गाडी चालवून पाहावी.

किती जोराचा घ्यावा? इंजिनाच्या कमाल टॉर्कपेक्षा ३० ते ५० टक्के अधिक क्षमता पुरे. दुप्पट-तिप्पट क्षमतेचा क्लच घसरत नाही खरा, पण मग अतिभाराचा धक्का सोसण्याची पाळी गिअरबॉक्सवर येते, आणि त्याच्या दुरुस्तीपुढे क्लचचा खर्च किरकोळ वाटतो. विक्रेत्यास “हेवी आहे का?” असे विचारू नये, “किती न्यूटन-मीटरचा आहे?” असे विचारावे. उत्तर देता न येणाऱ्याकडून माल घेऊ नये.

काही नव्या गाड्यांत दोन भागांचे, मधून स्प्रिंग असलेले फ्लायव्हील असते. ते महाग असल्यामुळे त्याऐवजी अखंड फ्लायव्हील बसविण्याचा सल्ला मिळतो. ते टिकाऊ असते, परंतु डिझेल इंजिनाचे कंप शोषले न जाता गिअरबॉक्समध्ये खडखड सुरू होते. नाइलाजाने तसे करावयाचेच झाल्यास मधोमध चांगल्या स्प्रिंगा असलेलीच प्लेट घ्यावी.

अतिभार वाहण्यासाठी हेवी क्लच घेणे हे रास्त कारण नव्हे. क्लच बदलल्याने गाडीचे ब्रेक, पाटे, टायर आणि एक्सल बदलत नाहीत. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या सुधारणेप्रमाणे अतिभारास २० हजार रुपये व वर प्रत्येक जादा टनास २ हजार रुपये दंड आहे. शिवाय जादा माल तेथेच उतरवावा लागतो. संगणक जोडून इंजिनाची शक्ती वाढवून देणारेही हल्ली भेटतात. त्याने क्लचची शिल्लक संपते, कंपनीची हमी जाते आणि नोंदणीतील तपशिलाशी गाडी जुळेनाशी झाली तर १९८८ च्या अधिनियमाच्या कलम ५२ चा भंग होतो.

बसविताना

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंग ही तिन्ही एकाच वेळी बदलावीत. एवढा गिअरबॉक्स उतरवून जुने बेअरिंग परत घालणे ही खोटी काटकसर होय. फ्लायव्हीलवर डाग किंवा खाचा असतील तर ते लेथवर घासून सपाट करून घ्यावे, आणि चिरा खोल असतील तर बदलावे. नव्या लायनिंगला तेलकट हात लावू देऊ नयेत. प्लेट मधोमध बसविण्याचे साधन वापरले जाते की नाही व बोल्ट समोरासमोर थोडे थोडे आवळले जातात की नाही, हे पाहावे. पहिले ५०० ते ८०० किलोमीटर अर्ध्या भारानेच, शक्यतो मोकळ्या रस्त्याने, गाडी चालवावी म्हणजे लायनिंग सर्वत्र सारखे बसते. म्हणून हे काम टोमॅटोच्या किंवा कांद्याच्या ऐन हंगामात न काढता तो सुरू होण्यापूर्वी तीन आठवडे उरकून घ्यावे. त्यानंतर केबलची मोकळी खेळ, किंवा तेलाचा क्लच असल्यास टाकीतील पातळी, एकदा तपासून घ्यावी.