मुलाखतीपूर्वी वाचावे असे भाषण

व्यापारी घराण्यांतील अनेक मुले-मुली आज पेढीऐवजी अभियांत्रिकीचा मार्ग धरतात. मूल्यांना अग्रस्थान देणाऱ्या रचना-संस्थेची मुलाखत समोर आली, की केवळ गुणपत्रिकेवर भिस्त ठेवून भागत नाही. अशा संस्थांत ‘अरूप’ हे ठळक नाव. ओव्ह अरूप यांनी १९४६ साली लंडनमध्ये तिचा पाया घातला. सिडनीच्या ऑपेरा हाऊसची कवचाकार छपरे तिच्याच अभियंत्यांच्या गणितावर उभी राहिली.

९ जुलै १९७० रोजी विंचेस्टर येथे सहकाऱ्यांपुढे केलेल्या भाषणात अरूप यांनी संस्थेची उद्दिष्टे मांडली. कामाचा दर्जा, सचोटीचा व्यवहार, माणुसकीची संघटना, समाजोपयोग आणि सर्व सभासदांची वाजवी सुबत्ता ही त्यांपैकी काही उद्दिष्टे होत. येथे नफा त्याज्य नाही. मात्र तो सर्वोच्चही नाही.

उमेदवाराने हे भाषण वाचावे, पण पाठ करू नये. प्रत्येक उद्दिष्टासमोर स्वतःच्या कामातील एक प्रसंग लिहावा. कोणती चूक वेळीच उघड केली, कोणता स्वस्त पर्याय नाकारला, श्रेय कोणाला दिले आणि त्याची किंमत काय मोजली, हे आकडे व आरेखनांसह सांगता यावे. मुदत आणि दर्जा यांत संघर्ष झाल्यास निर्णय कोण घेतो, हे त्यानेही नम्रपणे विचारावे.

पेढीची पत गोड शब्दांनी नव्हे, तर अडचणीच्या दिवसांतही हुंडी सकारल्याने ठरत असे. मूल्यांची परीक्षा याहून वेगळी नाही.