हँडसेट कपाटात ठेवला म्हणजे तयारी झाली?

पावसाळा तोंडावर आला की हा प्रश्न हमखास येतो: "पुरात मोबाइल बंद पडले तर असावा म्हणून पाच वॅटचा वायरलेस हँडसेट ऑनलाइन मागवलाय. चार्ज करून कपाटात ठेवला की झालं ना?"

नाही झालं. पहिली गोष्ट, हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओच्या, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ पट्ट्यावर बोलायला दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. दुसरी, या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. चिपळूणहून कराडशी बोलायचं तर मध्ये सह्याद्री उभा आहे. पाचाचे पन्नास वॅट केले तरी तो बाजूला सरकत नाही. डोंगरमाथ्यावरचा रिपीटर हे अंतर जोडतो, कबूल. पण त्यालाही वीज लागते, आणि आपत्तीत आधी तीच जाते.

घाटापलीकडे पोचायला ४० मीटरचा पट्टा बरा. ७.१ मेगाहर्ट्झसाठी दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तार, मध्यबिंदू बांबूवर सहा-सात मीटर उंच, टोकं नायलॉनच्या दोरीने झाडांना. एवढ्या खालच्या तारेचा संदेश बराचसा सरळ वर जातो आणि आयनांबरावरून परतून दिवसा दोन-तीनशे किलोमीटरच्या परिसरात उतरतो. मग तार नीट जुळली का ते दाखवणारा एसडब्ल्यूआर मीटर लावायचा, आकडा जास्त आला तर टोकं थोडी दुमडून किंवा सोडून पाहायचं. कोॲक्सचा कनेक्टर सैल आहे, बॅटरीची वायर आखूड पडते, हे तेव्हाच कळतं. भर पुरात कळून उपयोग काय?

डिसेंबर २००४ची त्सुनामी आठवा. पोर्ट ब्लेअरहून मुख्य भूमीशी संपर्क साधून देणाऱ्या भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी तिथे आधीच हॅम मोहिमेवर होते. अँटेना उभ्या होत्या, स्टेशन चालू होतं. म्हणून ते कामी आलं.

आता किरकोळ गैरसमज.

"मोर्स यायलाच हवं." रिस्ट्रिक्टेड परवान्याला लागत नाही, जनरलला लागतं.

"इंजिनिअर असावं लागतं." बारा वर्षं पूर्ण झालेलं मूलही परीक्षा देऊ शकतं.

"जितके वॅट, तितकं बरं." १०० वॅटवरून २५वर आलात तर समोरच्याच्या मीटरवर फक्त एक एस-युनिट कमी होतं, बॅटरी मात्र कितीतरी जास्त टिकते.

"टॉवरशिवाय स्टेशन नाही." वरची तार पुन्हा वाचा.

तेव्हा आधी परवाना काढा. मग एखाद्या रविवारी घरचा मेन स्विच बंद करा, सगळं सामान मैदानात न्या आणि बॅटरीवर शेजारच्या जिल्ह्यातल्या हॅमला एक संदेश अक्षरशः बिनचूक पोचवून दाखवा. ते जमलं की तयारी झाली म्हणा.