क्लॅरेंडन : एका ठळक अक्षरवळणाची कुळकथा

शब्दकोशात मूळ शब्द काळ्या, ठसठशीत अक्षरांत व अर्थ साध्या अक्षरांत छापलेला असतो. ही सोय आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिलाही काही इतिहास असेल, असे सहसा मनात येत नाही. लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीचे रॉबर्ट बेस्ली यांनी १८४५ साली 'क्लॅरेंडन' हे वळण काढले. त्याचे पोलादी ठसे बेंजामिन फॉक्स यांनी कोरले. तोवरची जाड अक्षरे मुख्यतः भिंतीवरच्या जाहिरातींची. मजकुराच्या ओळीत ती डोळ्यांना खुपत. क्लॅरेंडनचे अक्षर काहीसे अरुंद, जाड-बारीक रेघांतील तफावत बेताची. रेघेच्या टोकाची आडवी पट्टी, म्हणजे सेरिफ, येथे भरदार असून उभ्या रेघेला कमानीसारखी मिळते. त्यामुळे लहान आकारातही अक्षर शाईने बुजत नाही. १८८४ पासून खंडशः निघालेल्या ऑक्सफर्डच्या कोशाने मूळ शब्दांसाठी हेच वळण घेतले. आमच्या मते ठळक अक्षराचा खरा उपयोग हाच : शोधणाऱ्या डोळ्याला थांबा देणे. निम्मे पान ठळक करणारी पाठ्यपुस्तके तो थांबाच पुसून टाकतात! बेस्लींना कायद्याचे संरक्षण मिळाले ते अवघी तीन वर्षे. ते सरताच इतर कारखान्यांनी नकला काढल्या, आणि इंग्रज मुद्रकांच्या तोंडी 'क्लॅरेंडन' हे जाड अक्षराचे सामान्यनाम होऊन बसले.