बर्फावर मोजलेली नित्यसमानता

मॅनिटोबात बारावीच्या प्री-कॅल्क्युलसला त्रिकोणमितीच्या नित्यसमानता असतात. प्रांतिक परीक्षेत सूत्रांचा कागद हातात मिळतो, त्यामुळे पाठांतराची काळजी नसते. पानाच्या मधोमध उभी रेघ मारायची, डावी बाजू वेगळी सोडवायची, उजवी वेगळी. रेघ ओलांडून काही न्यायचं नाही. माझी लेक हे सगळं बिनचूक करायची. पण शेवटी सारख्या निघाल्या त्या दोन गोष्टी नेमक्या कुठल्या, असं विचारलं की गप्प व्हायची.

म्हणून २१ डिसेंबरला आम्ही कम्युनिटी सेंटरच्या उघड्यावरच्या आइस रिंकवर गेलो. विनिपेग मुळातच सपाट, कधीकाळच्या अ‍ॅगासी सरोवराच्या तळावर वसलेलं. तरी सावली मोजायला गोठलेल्या पाण्याइतकी समतल जागा दुसरी नाही. बरोबर १ मीटरची काठी, दोऱ्याला नट बांधून केलेला ओळंबा, मोजपट्टी आणि पेन्सिल. बॉलपेन या थंडीत उमटत नाही. इथला खरा मध्यान्ह तेव्हा घड्याळातल्या साडेबाराच्या जरा आधी होतो.

सावलीचं टोक धूसर होतं. सूर्य म्हणजे बिंदू नव्हे, आकाशात तो अर्धा अंश रुंद दिसतो. इतक्या तिरप्या उन्हात त्यामुळे टोकाशी १० सेंटीमीटरहून रुंद फिकट पट्टा पडतो. आम्ही त्याचा मध्य धरला. हिशेब असा: शहराचे अक्षांश ४९.९, त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला २३.४ अंश, म्हणजे उन्नत कोन १६.७ अंश आणि सावली ३.३३ मीटर. बर्फावरची खूण त्याच्या अगदी जवळ आली.

काठी १ मीटरची, म्हणून सावलीची लांबी हाच त्या कोनाचा कॉट. काठीच्या माथ्यापासून सावलीच्या टोकापर्यंत दोरा ताणला की तो कोसेक, सुमारे ३.४८ मीटर. ‘१ अधिक कॉटचा वर्ग बरोबर कोसेकचा वर्ग’ ही ओळ तिनं वहीत कितीदा तरी वापरली होती. आता तिच्या एका हातात काठी होती, दुसऱ्यात दोरा. ‘म्हणजे हा पायथागोरसच की, बाबा!’ ती म्हणाली. त्याच दिवशी पुण्यात हीच काठी जेमतेम ९० सेंटीमीटर सावली पाडते. तिथे मे महिन्यात सूर्य डोक्यावर येतो तेव्हा सावली शून्य, कॉट शून्य आणि दोरा थेट काठीएवढा. उलट सूर्य क्षितिजाला टेकला की सावलीला टोकच उरत नाही. शून्य अंशाला कॉट का नसतो, हे तिला वेगळं समजवावं लागलं नाही.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते याच्या पुढचं. ९० मधून अक्षांश वजा केले की ४०.१ उरतात, म्हणजे १६.७ हे ४०.१ वजा २३.४. मग दोन कोनांच्या साइनची नुसती वजाबाकी का चालू नये? पुष्कळ मुलं तशी करतात, तिनंही केली. ०.६४४ वजा ०.३९७, उत्तर ०.२४७. या साइनचा कोन भरतो १४.३ अंश, आणि सावली होते ३.९२ मीटर. आपल्या खुणेच्या जवळजवळ ६० सेंटीमीटर पुढे बूट टेकवून ती थांबली. चूक तिला लाल शाईशिवाय दिसली. मग तिनं कागदावरचं लांबलचक सूत्र लावलं, दोन गुणाकारांची वजाबाकी केली आणि ०.२८७ आलं. सावली पुन्हा खुणेवर.

कोनांच्या बेरीज-वजाबाकीचे हे नियम भास्कराचार्यांनी ११५० सालच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तल्या ज्योत्पत्ति प्रकरणात दिले आहेत. शाळेत आम्हाला हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

जुने ज्योतिषी १२ अंगुळांचा शंकू उभारून विषुवदिनाच्या मध्यान्हीची सावली मोजत. तिला पलभा म्हणत, आणि तिच्यावरून गावाचे अक्षांश काढत. त्या दिवशी उन्नत कोन आणि अक्षांश हे कोटिकोन असतात, म्हणून एकाचा कॉट हाच दुसऱ्याचा टॅन. पुण्याची पलभा ४ अंगुळं येते, विनिपेगची सव्वाचौदा. ही मोजायची तर मार्चच्या विषुवदिनी. घड्याळ तेव्हा तासभर पुढे गेलेलं असेल, म्हणून मध्यान्ह गाठायला दीड वाजून गेल्यावर जावं लागेल. तोवर रिंक वितळायला लागली असेल, म्हणून लेकीनं पार्किंगचा एक समतल कोपरा आत्ताच हेरून ठेवला आहे.