बाळंतीण आणि माकडहाड

विडी वळणाऱ्या बायकांच्या संघटनेत माझी उमर गेली. सोलापूरला काय, सिन्नरला काय, मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास जमिनीवर बसायचे आणि मजुरी मिळायची हजार विड्यांमागे. अशा बाईला बाळंतपणानंतर बसवेनासे झाले की तिची मजुरीच बुडते. ‘होईल आपोआप बरे’ हे उत्तर तिला परवडत नाही.

पाठीच्या कण्याचे शेवटचे टोक म्हणजे माकडहाड. बहुधा चार छोटे मणके जुळून ते झालेले असते. ते अगदीच अचल नसते. आपण बसलो की थोडे हलते. प्रसूतीत मुलाचे डोके खाली सरकताना ते मागे रेटले जाते. मूल चिमट्याने काढावे लागले तर इजेचा संभव अधिक. या दुखण्याला वैद्यकीय नाव दिले एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी, १८५९ साली. बाळंतपणात क्लोरोफॉर्म आणणारे ते हेच. नाव मिळून दीडशेच्या वर वर्षे झाली, तरी दुखणारी जागा कोणाला सांगावी हा बाईचा पेच कायमच आहे!

बहुतेकींचे दुखणे काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरते. तीन महिने उलटूनही राहिले, तर फिजिओथेरपीचा विचार करावा. दुखरी जागा सांभाळता सांभाळता ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडतात. ते माकडहाडालाच जोडलेले असल्यामुळे त्याला ओढत राहतात, आणि दुखणे दुखण्याला पोसते. म्हणून आधी हे स्नायू सैल सोडायला शिकवतात. सावकाश पोटातून श्वास, कुल्ल्यांना ताण देणारे व्यायाम. बाळंतिणीला सरसकट सांगितले जाणारे आवळण्याचे व्यायाम अशा वेळी त्रास वाढवू शकतात. गरज पडल्यास, बाईच्या संमतीने, हातमोजा घालून गुदद्वारातून बोटाने स्नायू व सांधा मोकळा करतात. ऐकून संकोच वाटेल, परंतु ही रीतसर चिकित्सा आहे. जाणत्या हातूनच करून घ्यावी.

बसायला मागल्या बाजूस खाच कापलेली उशी घ्यावी, किंचित पुढे झुकावे, मलावरोध होऊ देऊ नये. ताप, पू, पायांना बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा जाणे, यांपैकी काही दिसले तर तडक डॉक्टर गाठावा.

२०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठीची प्रसूतिरजा १२ आठवड्यांवरून २६ झाली. घरी विड्या वळणारीला ती रजा देणार कोण? तिने अर्ध्या अर्ध्या तासाने उठायचे म्हटले तर विड्या कमी भरणारच. तेवढी पाने नवऱ्याने कातरून द्यावीत.