बारा नंबरच्या खोलीतले आजोबा

तुमच्या वर्गात असा एखादा मुलगा नक्की असेल. कुणाचं पेन संपलं, कुणाची वही अपुरी राहिली, की सगळे त्याच्याकडे धावतात. तो स्वतः चार दिवस शाळेत आला नाही, तर 'काय रे, बरं नव्हतं का?' असं विचारायचं मात्र कुणालाच सुचत नाही! अशाच एका माणसाची ही हकिकत. त्याच्या जन्मदिवशी, ८ मे रोजी, जगभर रेडक्रॉस दिन पाळतात. पण त्याचं नाव? आठवत नाही ना?

हेन्री ड्युनांट. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहराचा व्यापारी. जून १८५९ मध्ये तो धंद्याच्या कामासाठी उत्तर इटलीत गेला होता. २४ तारखेला तिथे सॉल्फेरिनोची लढाई झाली. एका दिवसात जवळपास ४० हजार सैनिक मेले किंवा जखमी झाले. शेजारच्या कास्तिलियोने गावातली चर्च जखमींनी भरून गेली. पाणी पाजायलाही माणसं पुरेनात. हेन्री काही डॉक्टर नव्हता, तरी बाह्या सरसावून कामाला लागला. गावातल्या बायका मदतीला आल्या. जखमी आपला की शत्रूचा, हे कुणी पाहिलं नाही. 'सगळे भाऊच!' असं त्या म्हणत.

१८६२ साली त्याने हे सारं पुस्तकात लिहिलं. त्यातूनच १८६३ मध्ये रेडक्रॉसचा जन्म झाला.

पण या धावपळीत त्याच्या धंद्याकडे दुर्लक्ष झालं. १८६७ साली दिवाळं निघालं. ज्यांचे पैसे बुडाले ते रागावले, हे एक वेळ समजू शकतं. पण रेडक्रॉसच्या समितीनेही त्याला दूर केलं, हे वाचून वाईट वाटतं. जिनिव्हा सुटलं ते कायमचंच. पॅरिसमध्ये तर असे दिवस आले, की विटलेला कोट तो शाईने काळा करी आणि कॉलर खडूने पांढरी!

रेडक्रॉस देशोदेशी पसरत होती. तिचा जनक मात्र हायडेन नावाच्या खेड्यात, इस्पितळाच्या १२ नंबरच्या खोलीत एकटाच राहत होता. तो जिवंत आहे, हेच लोक विसरले होते. १८९५ मध्ये एका पत्रकाराने त्यांच्यावर लेख लिहिला, तेव्हा कुठे जगाला जाग आली. पांढऱ्या दाढीच्या या आजोबांना पत्रं येऊ लागली. १९०१ साली शांततेचं पहिलं नोबेल त्यांना आणि फ्रेडरिक पासी यांना मिळून दिलं गेलं.

बक्षिसाच्या पैशांतून आजोबांनी स्वतःसाठी काही घेतलं नाही. १९१० साली ते त्याच इस्पितळात वारले. मृत्युपत्रात त्यांनी तिथली एक खाट गावातल्या गरीब आजाऱ्यांसाठी मोफत ठेवायला सांगितली होती.